उभी गाडी पडते तेव्हा

मोटारसायकलवरून पडलो असे कुणाला सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "किती स्पीडला होता?" मी खरे तेच सांगतो. "उभाच होतो." मग समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि हसू दाबत दुसरीकडे बघतो.

वाचकहो, हसण्यासारखेच आहे ते. गेली चाळीस वर्षे मी बुलेट चालवतो आहे. या चाळीस वर्षांत ती माझ्या हातून अकरा वेळा पडली. अकराच्या अकरा वेळा मी एक तर उभा होतो, नाही तर ओझ्याच्या बैलाच्या चालीने चाललो होतो. भरधाव असताना, देवाची दया, एकदाही नाही. त्यातल्या दहा वेळांचे मलाही आता हसू येते. एका वेळेचे मात्र अजून येत नाही. ती गोष्ट सांगावी म्हणून आज लिहायला बसलो आहे.

आमचे गाव फलटण तालुक्यातले, नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावरचे. १९८५ साली ऊस बरा गेला आणि कारखान्याचे बिल हातात पडले. त्या वेळी घरात एक बैलगाडी आणि एक सायकल एवढीच वाहने. मी सत्तावीस वर्षांचा. अंगात रग होती. क्विंटलाचे ज्वारीचे पोते पाठीवर घेऊन माळ्याची शिडी चढत असे. अशा गड्याला सायकल शोभत नाही असे माझे मीच ठरवले. त्याच वर्षी हिरो होंडाची शंभर सीसीची हलकी गाडी नवीनच निघाली होती. पेट्रोल कमी खाते, बायकामाणसालाही ढकलता येते, असे लोक सांगत. मला ते ऐकायचेच नव्हते. मला बुलेट हवी होती.

शेजारच्या गावात पलटणीतून निवृत्त होऊन आलेले एक गृहस्थ होते. सगळे त्यांना आण्णा म्हणत. त्यांची बुलेट विकायची होती. बुलेट मूळची विलायतेची. १९५५ पासून ती मद्रासेत, म्हणजे आताच्या चेन्नईत, तयार होऊ लागली. आपल्या सैन्यानेही ती घेतली, त्यामुळे फौजेतून परतलेल्या माणसांना तिचा लळा असायचा. त्या जुन्या गाडीचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. वजन म्हणाल तर रिकामी गाडीच दीड क्विंटलाच्या वर.

व्यवहार ठरला, पैसे दिले, चहा झाला. आण्णा म्हणाले, "चालवायला चार दिवसांत येईल. आधी पडलेली गाडी उचलायची कशी ते शिकून घे. चल खळ्यावर."

मी हसलो. म्हटले, "आण्णा, मी पोती उचलतो. गाडीला तर धरायला हँडलसुद्धा आहे."

आण्णा म्हणाले, "पोतं जिथं टाकशील तिथं बसतं, बाबा. गाडी तुझ्या अंगावर येते."

मी काही खळ्यावर गेलो नाही. किल्ली घेतली आणि निघालो.

पहिली खेप दुसऱ्याच दिवशी आली. जूनचा महिना, रात्री पाऊस झालेला, अंगण भिजलेले. आईने गाडीला हळदीकुंकू लावले, नारळ फोडला. मी गाडी एका बाजूच्या स्टँडवर उभी करून ऐटीत बाजूला झालो. स्टँडचे टोक ओल्या मातीत हळूहळू रुतत गेले, आणि म्हैस पाण्यात बसावी तशी गाडी सगळ्यांच्या देखत सावकाश बसली. पोरे टाळ्या पिटू लागली. मी पुढे झालो, कमरेत वाकलो, हँडलला धरले आणि हिसका मारून गाडी उभी केली. गाडी उभी राहिली, पण माझ्या कमरेत उसण भरली. तीन दिवस विटेचा शेक घेत पडून होतो. एवढे होऊन मी शिकलो काय, तर स्टँडखाली फरशीचा तुकडा ठेवावा. बाकी काही नाही.

दुसरी खेप चावडीपुढची. वळून थांबायचे होते. हँडल वळलेले, गाडी जेमतेम सरकत होती, आणि मी पुढचा ब्रेक करकचून दाबला. चाक जागीच थांबले आणि सगळा भार वळलेल्या अंगाला गेला. चावडीवरची मंडळी धावत आली. मी त्यांना हात लावू दिला नाही. "असू द्या, असू द्या," म्हणत एकट्यानेच उचलली. त्या वेळी कमरेने दया केली.

हे "असू द्या" फार वाईट. गडीमाणसाच्या जिभेवर ते फार लवकर येते.

आता ती गोष्ट सांगतो.

१९८६ साल, फाल्गुन महिना. माझ्या धाकट्या मेव्हण्याचे लग्न होते. आमचा मुलगा दीड वर्षाचा. एसटीने जा, असे आई म्हणत होती. पण सासुरवाडीच्या मांडवापुढे बुलेटवरून उतरायचे माझ्या मनात होते. कारभारीण मागे बसली, नऊवारी सावरून, दोन्ही पाय डाव्या अंगाला सोडून, मांडीवर पोर. मागे धरायला दांडी होती, पण पोराला धरायचे तर दांडी कोण धरणार?

डांबरी रस्त्याने फेरा पडत होता म्हणून मी कालव्याच्या भरावावरचा रस्ता धरला. एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला सात-आठ फूट खाली उसाची शेते. ऊसतोडीचा हंगाम जोरात होता. समोरून उसाने भरलेली गाडी आली. बीडकडची तोडकरी मंडळी होती. गाडीवान पुढे, त्याची बायको वर उसावर बसलेली. भरलेली बैलगाडी काही मागे सरत नाही. म्हणून मी शेताच्या अंगाला, डावीकडे घेऊन थांबलो.

थांबताना डावा पाय खाली टाकला. पाय टेकायला पाहिजे होता तिथे जमीन नव्हती. भरावाची कड वाळक्या गवताने झाकलेली होती आणि गवताखाली उतार होता. पाय वीतभर आणखी खाली गेला. वीतभरच. पण तेवढ्यात गाडीने अंग टाकले.

वाचकहो, पुढचे सगळे दोन-तीन श्वासांत झाले असेल. मला मात्र ते आजही सावकाश दिसते. गाडी कलते आहे हे मला कळले. ही आता थांबणार नाही हेही हाताला कळले. मागून कारभारणीचा आवाज आला, "अवं, सोडा की! सोडा!" मी सोडले नाही. दातओठ खाऊन दोन्ही हातांनी हँडल वर ओढत राहिलो. गाडी पडता कामा नये, एवढेच डोक्यात होते. समोर गाडीवान बघतो आहे, वरून बाई बघते आहे, हेही होते. मी तिला उतर म्हणालो नाही, उडी मार म्हणालो नाही. मी ओढत असल्यामुळे गाडी एकदम पडली नाही. थोडी अडली, थोडी थांबली आणि मग माझे हात संपल्यावर सगळ्या वजनानिशी खाली गेली. तेवढ्या अडण्यामुळे कारभारणीला वाटले की मी सावरणार. ती उडी मारता मारता थांबली. तिचा डावा पाय गाडीच्या आणि भरावाच्या मध्ये सापडला.

पोर तिने दोन्ही हातांनी वर धरले होते. त्याला खरचटलेसुद्धा नाही.

मी उठलो आणि पुन्हा हँडलला हात घातला. तेवढ्यात गाडीवान येऊन पोचला. बैलांचा कासरा त्याने तसाच टाकला होता. माझा हात बाजूला करत म्हणाला, "मालक, लोखंड मागून उचलू. आधी बाई बघा."

त्याने गाडीकडे पाठ केली, खाली बसला, सीटला कंबर लावली, एक हात खालच्या मुठीला आणि एक मागच्या दांडीला घातला, आणि पायांनी रेटत रेटत गाडी हातभर उचलून धरली. अंगाने तो माझ्या निम्मा असेल. तेवढ्यात मी कारभारणीचा पाय मोकळा केला. उसावरची बाई खाली उतरली होती. तिने पाय बघितला, काही बोलली नाही. उसाची दोन कांडी कोयत्याने तोडली, पायाच्या दोन्ही अंगांना लावली, आपल्या लुगड्याचा काठ फाडून घट्ट बांधला. मग पोर कडेवर घेतले आणि दुधाची गाडी येईपर्यंत त्याला ऊस सोलून चोखायला दिला. त्या दोघांची नावेसुद्धा मी विचारली नाहीत. त्याची बोच आज वाटते. त्या दिवशी सुचले नाही.

तालुक्याला दवाखान्यात फोटो काढला. घोट्याच्या वर हाड मोडले होते. सहा आठवडे प्लास्टर. बांधून आणले ते बरोबर बांधले आहे, असे डॉक्टर म्हणाले. मेव्हण्याचे लग्न आमच्यावाचून झाले. एकुलत्या भावाच्या अक्षता तिला टाकता आल्या नाहीत.

घरात बाई जमिनीला पाय टेकवू शकत नाही म्हणजे काय होते, हे शेतकऱ्याच्या घरी निराळे सांगायला नको. आई साठीच्या पुढची, तिला पुन्हा चुलीपुढे बसावे लागले. हरभरा काढायला आलेला, गहू उभा, दोन म्हशी दुभत्या, पोर अंगावर पिणारे. मी पाणी शेंदले, धारा काढल्या, भाकरीसुद्धा थापल्या. माझ्या भाकरीला कोणत्या जिल्ह्याचा आकार आला आहे, यावर पोरे पैज लावत. कारभारीण बाजेवरून बघे आणि हसे. रागावली नाही, बोलली नाही. तेच मला जड जात होते.

एकदा रात्री मी आपण होऊन विषय काढला. म्हटले, "मी गाडी सावरायला बघत होतो."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुम्ही गाडी धरली हुती. मी पोर धरलं हुतं. मला धरायला कुणी नव्हतं."

आवाजात राग नव्हता. दिवसभराच्या कामाचा हिशोब सांगावा तसे तिने सांगितले. पुन्हा त्यावर ती कधी बोलली नाही. मीही नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे, आणि हे तिला वाचून दाखवूनच पाठवतो आहे.

प्लास्टर सुटायच्या आधी आण्णा बघायला आले. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. चहा घेतला आणि म्हणाले, "चल, आता तरी खळ्यावर चल."

खळ्यावर त्यांनी कडब्याचा भुसा अंथरला आणि माझ्याकडून गाडी पाडून घेतली. एकदा नाही, दिवस मावळेपर्यंत. पाडायची आणि उचलायची. त्या दिवशी जे कळले ते सांगतो. आज गावोगाव पोरांच्या हातात पुन्हा जड गाड्या आल्या आहेत. आताच्या नव्या बुलेटचे वजन एकशे नव्वद किलोच्या पुढे आहे. बटणाने सुरू होतात, गिअर डाव्या पायात आला आहे. १ एप्रिल २०१९ पासून तर सव्वाशे सीसीच्या वरच्या नव्या गाडीला चाक न घसरू देणारा एबीएस ब्रेक सक्तीचा आहे. पण उभी गाडी कलली तर तिला सावरणारे यंत्र या गाड्यांत नाही. तिथे तुमचा पायच.

गाडी वेगात पडत नाही आणि उभी पडते, हे कसे? तळहातावर काठी उभी तोलून बघा. काठी ज्या अंगाला कलते त्या अंगाला हात न्यावा लागतो. हात हलता आहे तोवर काठी उभी. मोटारसायकलचेही तसेच. गाडी डावीकडे कलली की हँडल किंचित डावीकडे वळते, चाके पुन्हा वजनाखाली येतात. हे आपल्याला न कळत सारखे चाललेले असते. पण चाके वजनाखाली यायला गाडी पुढे सरकावी लागते. वेग असला की चाके झटक्यात खाली येतात. वेग गेला की येत नाहीत. शाळेच्या संमेलनात सावकाश सायकलची शर्यत असते. त्यात पोरे हँडल किती झोकांड्या देत वळवतात आणि तरी पडतात, ते आठवा. तिथे वीस किलोची सायकल असते, इथे दोन क्विंटल.

आणि हे वजन सगळे एकदम येत नाही, तीच खरी फसवणूक आहे. माझी नात शास्त्र शाखेला आहे. तिने मला अंदाजाने हिशोब मांडून दिला. आमच्या जुन्या गाडीचे वजन एकशे पासष्ट किलो धरले आणि वजनाचा मध्य हँडलच्या निम्म्या उंचीवर धरला. घड्याळाचा काटा बारावर उभा आहे असे समजा. गाडी एक मिनिटाइतकी कलली तर हँडलवर आठ-नऊ किलोंचा भार येतो. बोटांनी धरता येईल एवढा. दोन मिनिटांइतकी कलली तर सतरा किलो. पाच मिनिटांइतकी कलली की चाळीस किलोंच्या वर. तोही वाकडे उभे राहून, एका पायावर आणि गाडी खाली जात असताना. मागे माणूस बसलेला असेल तर आणखी जास्त. म्हणजे पहिल्या दोन मिनिटांत गाडी तुमची असते. पाचाला ती जमिनीची झालेली असते. मधल्या दोन-तीन मिनिटांत माणूस खोट्या आशेवर ओढत राहतो, आणि तिथेच कंबर जाते, मनगट जाते, नाही तर मागच्याचा पाय जातो.

म्हणून आण्णांनी पहिला धडा दिला तो सोडण्याचा. गाडी गेली असे हाताला कळले की ती गेली. मागच्याला ओरडून "उतर" म्हणायचे, पाय मोकळा करायचा आणि कललेल्या अंगापासून दूर व्हायचे. हँडल हळू सोडता आले तर सोडायचे, नाही तर तसेच. पेट्रोलच्या टाकीला पोचा पडतो, आरसा फुटतो. मिस्त्री ते नीट करतो.

दुसरा धडा थांबण्याचा. आपण गाडी थांबवतो आणि मग पाय कुठे टेकावा ते बघतो. उलटे करावे. पाय कुठे टेकणार ती जागा आधी बघावी, मग थांबावे. गवताने झाकलेली कड, मुरमाची सैल खडी, ऊस सांडून निसरडा झालेला रस्ता, पंपावरचे सांडलेले तेल, गोठ्यापुढचा चिखल, या जागा पायाला दगा देतात. उताराच्या अंगाला पाय टाकायची वेळ आणू नये, चढाच्या अंगाचा टाकावा. शेवटच्या दहा हातांत हँडल सरळ ठेवावे आणि मागचा ब्रेक वापरावा. वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक दाबला की गाडी पडलीच म्हणून समजा.

तिसरा धडा मागच्या माणसाचा. अवघड जागा दिसली, अरुंद भराव, चिखल, उलट वळण, की मागच्याला आधी उतरवावे. चार पावले चालायला कुणाचे काही जात नाही. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत मागच्या माणसाला धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाला लुगडे अडकू नये म्हणून निम्मे चाक झाकणारी जाळी असलीच पाहिजे असे आहे. हेल्मेटही मागच्याला आहेच. पण दांडी असून उपयोग काय, हात मोकळे नसतील तर? मांडीवर पोर घेऊन एका अंगाला पाय सोडून बसलेली बाई ही त्या गाडीवर सगळ्यांत निराधार असते. चालवणाऱ्याला हँडल असते. तिला काहीच नसते.

आणि चौथा धडा उचलण्याचा. पडलेली गाडी दिसली की आधी किल्ली बंद करावी, जुन्या गाडीला पेट्रोलचा कॉक असतो तोही बंद करावा. जवळ कुणी विडी ओढत असेल तर त्याला लांब करावे. सायलेन्सर तापलेला असतो, त्याला अंग लागू देऊ नये. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर डावीकडचे स्टँड आधीच बाहेर काढून ठेवावे, म्हणजे उभी करताना पलीकडे कोसळत नाही. गिअर टाकावा, म्हणजे चाक सरकत नाही. ज्या अंगाला पडली त्याच अंगाला हँडल पूर्ण वळवावे, खालची मूठ टाकीजवळ येते. मग त्या गाडीवानासारखे करावे. पाठ गाडीकडे, कंबर सीटला, एक हात मुठीला, एक हात मागच्या दांडीला, पाठ ताठ, आणि मांड्यांच्या जोरावर बारीक पावले मागे टाकत रेटावे. कमरेत वाकून ओढू नये. पोते उचलणारे आपण सगळे इथेच फसतो. आणि कुणी मदतीला आले तर "असू द्या" म्हणू नये. या म्हणावे.

आण्णा जाऊन आता बरीच वर्षे झाली. भरावावर वर धरलेले ते पोर आता चाळिशीचे झाले. त्याने गेल्या वर्षी नवी बुलेट घेतली. जुनीही आहे. तिला मी विकली नाही आणि कारभारणीनेही कधी विका म्हटले नाही. थंडीत तिचा घोटा धरतो. सकाळी उठल्यावर पहिली चार-सहा पावले ती भिंतीला धरून टाकते. ती पावले मला रोज ऐकू येतात.

मागच्या महिन्यात नातीला अठरा पूर्ण झाली, शिकाऊ परवाना आला. ती म्हणाली, "आबा, मला बुलेट शिकवा." मी तिला बापाच्या नव्या गाडीवर बसवायला निघालो, तर कारभारीण ओसरीवरून म्हणाली, "आधी पाडायला शिकवा तिला."

मग आम्ही अंगणात भुसा अंथरला. जुनी गाडी बाहेर काढली. तिला पायाचे रक्षण करायला लोखंडी गार्ड लावलेला आहे, तरी म्हातारी गाडी, म्हणून खाली जुनी गोणपाटे टाकली. नात बसली. मी म्हटले, हळू हळू कलू दे. तिने कलू दिली. आणि पोरीने तेच केले जे मी केले होते. दातओठ खाऊन धरून बसली. तिच्या हाताच्या शिरा मला दिसत होत्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून कारभारीण ओरडली, "सोड! सोड म्हंते ना!" चाळीस वर्षांपूर्वीचाच आवाज.

पोरीने सोडले. टुणकन बाजूला झाली. गाडी गोणपाटावर पडली, आरशाची काच फुटली. नात कावरीबावरी होऊन माझ्याकडे बघायला लागली. मी काही बोलायच्या आत कारभारीण पायरी उतरून आली, पोरीचे दोन्ही पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हाताने चाचपले आणि म्हणाली, "काच हाय. आन्तील तुझं आबा."

आता जुनी बुलेट पडली तर मला एकट्याला उचलत नाही. वय झाले. त्या दिवशीही नव्हती उचलत. मी पाठ लावली, नातीने मागची दांडी धरली, आणि कारभारणीने पलीकडून, न सांगता, पायाने स्टँड काढून ठेवले.